माझा एक हात विरोधात

मुदखेड, शनिवार, संध्याकाळ.

संपबंदीचं विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. कोण ‘होय’ ओरडलं, कोण ‘नाही’, कुठंच नोंद नाही. आमचे आमदार सांगतात, मी ‘नाही’ म्हणालो. म्हणाले असतील. मग नावानिशी मोजणी का मागितली नाही? मागता येते. नियम मी स्वतः वाचलाय, कुणी शिकवला नाही.

आणि आज आमच्या पाटबंधारे कर्मचाऱ्यांच्या बैठकीत अध्यक्ष शिवअप्पा विचारतात, “आमदारसाहेब ‘नाही’ म्हणाले, त्यांचा सत्कार करायचा. मंजूर?” सगळे एका सुरात, “मंजूर, मंजूर!”

मी उठलो. “अप्पा, आवाजी चालणार न्हाई. हात वर करा, नावं लिहून घ्या.”

“का हो, तुम्ही विधानसभेत बसलाय काय?” कुणीतरी मागून. लई हसले.

“तिथं कुणी मोजणी मागितली न्हाई, म्हणून इथं मागतो.”

हात मोजले. विरोधात मी एकटा. साडू बळीराम काल चहा पिताना आमदाराला शिव्या देत होता, आज त्याचाही हात सत्काराला वर. वर कानात म्हणतो, “दाजी, तुमच्या लातूरच्या बदलीची शिफारस साहेबांकडंच हाय. हात खाली घ्या.”

माहीत आहे मला. बायको-पोरं लातूरला, मी इथं एकटा हातानं भाकरी थापतो. तरी मोजणी का मागितली नाही त्यांनी?

हात खाली घेतला नाही. अप्पांना म्हणालो, नाव वडिलांच्या नावासकट लिहा. आपल्यात दोन दत्तात्रय आहेत, दुसऱ्याच्या बदलीवर यायला नको.