अडुळशाला पाजलेलं औषध

नेर, ता. १२ ऑक्टोबर १९६४

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा नेमसिंग याचा दंडवत.

आम्ही इकडे सर्व खुशाल. तुमची आणि बसंतीताईची खुशाली कळवावी. तुमचा खोकला कसा आहे? बाकी तब्येत? तोंडाला फेस येणं, पाय लटपटणं, डोळ्यांतून उगाच पाणी गळणं, असं काही नाही ना? (सहज विचारतो. दिवस ऋतुबदलाचे आहेत.)

पत्रास कारण म्हणजे माझी बाग. शाळा सांभाळून घरामागे मी अकरा गुलाब लावले हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही त्यांना बोरीबाभळी म्हणालात, ते मी विसरलेलो नाही.) यंदा पोळ्यानंतर त्यांच्यावर मावा पडला. राख टाकली, तंबाखूचं पाणी मारलं, जमनाने तर मीठमिरची ओवाळून पाहिली. मावा जागचा हलेना. अशात पंचायतीपुढे शेतीच्या साहेबांचं भाषण झालं. भाषण कपाशीवरच्या नव्या औषधाचं होतं, पण कपाशी काय नि गुलाब काय, मूळ ते मूळ. हे औषध वरून फवारायचं नाही, पाण्यात कालवून आळ्यात ओतायचं. झाड ते मुळाने पितं, औषध रसाबरोबर पानापानांत चढतं आणि पानाला तोंड लावणारा मावा जागीच खपतो. साहेब शेवटी आणखी काही सांगत होते, पण तोवर मी डबा मिळवायला पुढे गेलो होतो.

डब्यावर कवटीचं चित्र होतं. शेजारचे युनूसमिस्त्री (सायकलवाले, तुमच्या सायकलची चेन त्यांनीच बसवली होती) ते पाहून म्हणाले, "मास्तर, हे दवा हाये का जहर?" चित्र चोरांसाठी आहे, असं मी त्यांना समजावलं. औषध म्हणजे औषध. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मी एवढं तरी ठामपणे सांगू शकतो. गुलाबांना पाजून अर्धी बादली उरली, ती वाया कशाला घालवायची म्हणून कुंपणाच्या अडुळशाला घातली. अडुळशाला कीड नव्हती. खरं तर त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पण हातासरशी काम झालं.

आणि दाजी, चौथ्या दिवशी गुलाबावर मावा औषधालाही उरला नाही. मी आल्यागेल्याला बागेत नेऊन सगळी विद्या सांगू लागलो. औषध मुळातून पानात कसं चढतं, हे मी जमनाला तर रोज जेवताना सांगत असे. ती मन लावून ऐकत होती. ती एवढं ऐकते याचं मला नवल वाटायला हवं होतं.

काल युनूसमिस्त्रींची शेळी कुंपणातून आत शिरली आणि तिने दोन गुलाब बुडख्यापर्यंत खाल्ले. अर्ध्या तासात तिच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले, डोळ्यांतून पाणी गळू लागलं. गुरांचे डॉक्टर धावत आले, सुया दिल्या, आणि शेळी वाचली. जाताना त्यांनी डबा पाहिला नि मला जे सुनावलं ते मी पत्रात लिहीत नाही. सारांश असा की औषध माव्यावरचं असलं तरी तो पाला खाणाऱ्या कुणालाही ते विषच. युनूसमिस्त्री शेळीला खांद्यावर घालून घरी घेऊन गेले. शेळी बरी आहे. मला पाहिलं की रस्ता बदलते.

तरीही गुलाबांच्या बाबतीत माझा प्रयोग यशस्वी झाला, हे तुम्ही मान्य कराल. मुलांना आशीर्वाद, ताईला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
नेमसिंग

ता. क. डॉक्टर गेल्यावर जमना दारातच बसली आणि म्हणाली, "मंग दाजीले धाडला त्या पाल्याचं काय?" तिने आपल्या भावाबरोबर, देवीलालबरोबर, तुमच्या खोकल्यासाठी अडुळशाचं गाठोडं फुलसावंगीला पाठवलं होतं. मला पत्ता नव्हता. तिचं म्हणणं, अडुळसा आधीच औषध, त्यात साहेबाचं औषध चढलेलं, म्हणजे गुण दुप्पट. माझेच शब्द होते.

ता. क. दुसरा. पाला आठ दिवस सावलीत वाळवून मग काढा करा, असा तिने निरोप दिला होता. आज पाचवा दिवस आहे. पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे, चहासुद्धा उकळी फुटेपर्यंत तुम्हाला थांबवत नाही. म्हणून हे पत्र टपालात न टाकता पहिल्या मोटारीने देवीलालच्या हाती पाठवतो. त्याला सांगितलं आहे, आधी चुलीवरचं जे असेल ते उपडं कर, पाला लांब खड्ड्यात पूर, मग रामराम घाल आणि मग पत्र दे. तो न बोलता चुलीपर्यंत गेला याचा राग मानू नये. चुकून ताईची भाजी गेली असेल तर तिची माफी मागतो.

ता. क. शेवटचा. काढा घोटभर जरी पोटात गेला असेल तर पत्र खाली ठेवा आणि देवीलालबरोबर आत्ताच दवाखान्यात जा, माझ्या चुका नंतर काढा. मी भ्यालो आहे, दाजी. काल जेवलो नाही. गेला नसेल तर दोन ओळी लिहून त्याच्याच हाती द्या. बोरीबाभळी म्हणा, गाढव मास्तर म्हणा, काहीही लिहा. पण अक्षर तुमच्या हातचं पाहिजे. ताईने लिहिलेलं मी उघडणार नाही.