डावीकडची निळी दोरी

१ ऑगस्ट, सकाळ
आजपासून क्लबचा मॅनेजर मी. आजपासूनच रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. मोठ्या माणसाला स्वतःशी बोलायला जागा लागते, म्हणून.

सासरेबुवा काल रिटायर झाले. माझी बायको जन्मली नव्हती तेव्हापासून ते या खुर्चीत होते. सगळा क्लब त्यांना बापू म्हणतो. निरोप समारंभात गोलकीपर हुंदके देऊन रडला. मी पाठ थोपटली. मनात म्हटलं, रडून घे, उद्यापासून सिस्टिम येतेय.

संकल्प: रोज धावणे. साखर बंद. लीगमध्ये पहिल्या तिनात.

जाताना बापूंनी बाजूला घेतलं. वाटलं, टीमबद्दल काही गुपित सांगणार. तर म्हणाले, डाव्या स्टँडची दोरी काढू नकोस, खालचा खांब कललाय, तिकडे माणूस बसवू नकोस. कमिटीला सांगून सांगून थकलो म्हणे. मी हो हो म्हटलं. जाणाऱ्या माणसाचं मन कशाला मोडा.

३ ऑगस्ट
दोरी पाहून आलो. निळी, नायलॉनची, जिन्याच्या तोंडाशी आडवी बांधलेली. एवढा मोठा स्टँड आणि त्यात एक माणूस बसत नाही. आणि हा स्टँड आहे कुठे, तर गेटमधून येताना डावीकडे, म्हणजे माझ्या बेंचच्या बरोब्बर समोर. तिथे बसणाऱ्याला मी सबंध दिसणार. बाकी सगळीकडून माझी नुसती पाठ दिसते.

खांबही पाहिला. किंचित कललेला आहे. सकाळी उठल्यावर मीही असतो.

धावणं उद्यापासून. बूट चावतो.

८ ऑगस्ट
दोरी काढली. आधी सेक्रेटरीला विचारलं, रीतसर. तो म्हणाला, इंजिनिअर सीझन संपल्यावर येणार आहे, तोवर तुमचं तुम्ही बघा. म्हणजे परवानगीच झाली.

दोरी चांगली मजबूत निघाली. घरी आणून बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधली. बायको म्हणाली, ही बाबांची दोरी ना. म्हटलं, क्लबची. तेच ते, म्हणाली आणि टॉवेल घेऊन आत गेली. तिला मी पुढच्या रांगेत मधोमध खुर्ची ठेवलीय, गादीसकट. मॅनेजरची बायको दिसायला हवी.

१७ ऑगस्ट, मॅचनंतर
०–३. पण बॉल जास्त वेळ आपल्याकडे होता. बहुतेक आपल्याच गोलसमोर होता, ते सोडा.

डावा स्टँड निम्मा भरला होता. पूर्ण भरला असता, पण बापू खालच्या पायरीवर ठाण मांडून बसले होते. येईल त्याला हात आडवा करून काहीतरी सांगत. माणसं मान डोलावून दुसरीकडे जात. बापू जळतात माझ्यावर. आयुष्यभर समोर रिकामा स्टँड बघितलेल्या माणसाला तिथली गर्दी कशी बघवेल.

हाफटाइमला स्लाइड्सवर माझा पासिंगचा त्रिकोण दाखवला. बापू म्हणे हाफटाइमला एक शब्द बोलत नसत, सगळ्यांना चहा ओतून देत. असली टीम म्हटल्यावर कप्तानाला त्रिकोण कुठून कळणार. चहा कुठाय, विचारत होता.

२ सप्टेंबर
पुन्हा हरलो. तपशील नको.

बायकोच्या केसांत पांढरा भुगा दिसला. शाम्पू बदल म्हटलं. ती म्हणाली, चुना आहे, स्टँडमध्ये वरून पडतो. खांद्यावर एक पोपडाही होता. तो तिनं काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. काही बोलली नाही. भाजीत मीठ जास्त होतं, मीही बोललो नाही. संसार असाच चालतो.

९ सप्टेंबर
मैदानाच्या माळीकाकांची तक्रार: डाव्या स्टँडखालच्या खोलीचं दार उघडत नाही, चौकट दबलीय, गोलच्या जाळ्या आत अडकल्यात. मी म्हटलं, बिजागरीला तेल घाला. ते म्हणाले, साहेब, दार बिजागरीनं अडत नाही, वरून वजन आलंय. या क्लबात प्रत्येकाला इंजिनिअर व्हायचंय. फुटबॉल खेळायला कोणी तयार नाही.

उधारीच्या जाळ्या लावून प्रॅक्टिस केली. नंतर सहज स्टँडच्या पायरीवर बॉल ठेवला आणि बुटाची नाडी बांधायला वाकलो. बॉल आपला आपण निघाला. कोपऱ्यापर्यंत सावकाश गेला आणि तिथेच थांबला. परत आणून ठेवला. परत गेला. वारा असावा.

२१ सप्टेंबर
रविवार. सासुरवाडीला जेवण. जावई म्हणून मान मिळतो, पण वाढताना सासूबाईंनी विचारलं, या वेळी किती. गोलबद्दल विचारत होत्या, पोळ्यांबद्दल नाही.

बापू जेवून झाल्यावर बोलले. म्हणाले, घरच्या मैदानावर अजून तुझ्या टीमनं एक गोल केलेला नाही, म्हणून वर बसलेल्यांनी उड्या मारल्या नाहीत. ही देवाची कृपा समज. ज्या दिवशी गोल होईल त्या दिवशी माझी पोरगी तिथे बसलेली असेल. दोरी परत लाव. हात जोडतो तुला.

त्यांनी खरंच जोडले. मला फार अवघडल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, मी गोल करणार ही भीतीच त्यांना खातेय.



५ ऑक्टोबर
कमिटीत ठराव मंजूर. मॅचच्या दिवशी बापूंना मैदानात प्रवेश नाही. कारण: प्रेक्षकांत घबराट पसरवणे. भाषा माझीच, चांगली उतरलीय. गेटवरच्या वॉचमननं ते सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही, बुटाकडे बघत सांगितलं म्हणे. बापू बाहेर गेले आणि माझ्या बेंचमागे, जाळीपलीकडच्या रस्त्याच्या उतारावर उभे राहिले. रस्ता काही आपल्या मालकीचा नाही.

०–२. पायरीवर कोणी नसल्यामुळे डावा स्टँड जवळजवळ भरला. किती सुंदर दिसतं समोरून. दुसऱ्या हाफमध्ये वर कुठेतरी कर्र असा आवाज झाला आणि सगळ्यांनी माना वर केल्या. मी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनीही वाजवल्या.

साखर पुन्हा सुरू. टेन्शनमध्ये सोडू नये म्हणतात.

६ नोव्हेंबर
परवा शेवटची मॅच. हरलो तर खालच्या लीगमध्ये. म्हणजे हरायचं नाही, एवढं सोपं आहे.

प्लॅन तयार. डाव्या स्टँडची सगळी तिकिटं फुकट वाटली. कारखान्यात, दोन्ही शाळांत, दवाखान्यात. समोरची टीम आवाजानं गारद झाली पाहिजे. प्रत्येक तिकिटामागे सूचना छापलीय: मॅनेजरनं उजवा हात वर केला की सर्वांनी एकाच वेळी तीन उड्या माराव्यात. आरशासमोर हात वर करून पाहिला. शर्ट बाहेर येतो, मोठा शर्ट घालीन.

माळीकाका राजीनामा देतो म्हणाले. म्हटलं, मॅचनंतर द्या.

बायकोला विचारलं, येणार ना, तुझी खुर्ची पुसून ठेवलीय. ती म्हणाली, तुम्ही एकदा तिथे वर जाऊन बसा, पाचच मिनिटं. बसलो असतो, पण वेळ कुठाय. खरं सांगायचं तर गेल्या महिन्यात अर्ध्या जिन्यापर्यंत गेलो होतो. गुडघा दुखला, म्हणून उतरलो.

८ नोव्हेंबर, दुपार, मॅचआधी
अजून वेळ आहे. स्टँड रिकामा. लोक शेवटच्या क्षणी येतात.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
पेन दोनदा हातातून पडलं. थंडीमुळे.

मॅच सुरू झाली तेव्हा समोर कोणीच नव्हतं. फुकट तिकीट घेतलेला एक माणूस नाही. बायकोची खुर्ची रिकामी. संताप आला. घरचीच माणसं अशी वागल्यावर बोलायचं कोणाला. मग मागे आवाज ऐकला म्हणून वळलो. जाळीपलीकडचा उतार माणसांनी भरला होता. कारखान्यातले, दोन्ही शाळा, नर्सेस, सगळे. बापू सकाळपासून रस्त्यावर उभं राहून एकेकाला तिथे वळवत होते. बायको त्यांच्या शेजारी, त्यांचा हात धरून. सगळ्यांना माझी फक्त पाठ दिसत होती.

तरी मी ठरल्याप्रमाणे हात वर केला. कोणी उडी मारली नाही. शर्ट बाहेर आला.

०–१ असताना आमच्या बचावपटूनं घाबरून बॉल आंधळा मारला. तो समोर गेला, डाव्या स्टँडच्या कठड्यावर आपटला आणि खाली आला. मग काही झालं नाही. मग खालच्या खोलीचं दार आपोआप उघडलं. ते कसं उघडलं म्हणून मी बघतच होतो, तेवढ्यात खांब बसला आणि स्टँडचा पुढचा अर्धा भाग पत्र्यासकट खाली आला. आवाज फार मोठा नव्हता. धूळ माझ्या तोंडात गेली.

कमिटीला रिपोर्ट द्यायचाय. मसुदा: बचावपटूनं चुकीच्या दिशेनं क्लिअरन्स केल्यामुळे स्टँडचं नुकसान झालं.

मसुदा फाडला.

धूळ खाली बसल्यावर मी तिथे गेलो होतो. गादी तेवढी ओळखू आली. खुर्चीवर लोखंडी तुळई आडवी पडलीय, खुर्ची जमिनीत गेलीय. बायको आज तिथे असती तर. हे वाक्य पुढे लिहिता येत नाही. मी घाबरलोय. ऑगस्टपासून घाबरलेलो होतो बहुतेक.

१० नोव्हेंबर
अर्धवट राहिलेली मॅच आपण हरलो असं धरलं, आपण खालच्या लीगमध्ये. कमिटीनं बापूंना परत बोलावलं. मी त्यांचा असिस्टंट. सेक्रेटरी म्हणतो, मोठं मन करा. इंजिनिअर आजच आला. आता येतो हा.

सकाळी बायकोनं बाल्कनीतले ओले कपडे एकेक काढून माझ्या मांडीवर ठेवले आणि दोरीची गाठ सोडली. माझी गाठ, सुटता सुटेना. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाली. आम्ही दोघं दोरी घेऊन मैदानावर गेलो.

बापू उरलेल्या अर्ध्या स्टँडपाशी उभे होते. वाटलं, आता ऐकवतील. मी तयारी करून गेलो होतो, तीन मुद्दे होते. त्यांनी दोरीचं एक टोक घेतलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, धर, तिकडून बांधू. आणि ते त्यांच्या बाजूला चालत गेले. त्यांना आता भराभर चालवत नाही.

मी माझं टोक धरून उभा राहिलो.