विलायती गड्डा उपासाला चालतो का

२ जानेवारी १९६२, मंगळवार. जळकोट

न्हाय, उपासाला चालतो का न्हाय ते मला ठाऊक न्हाय! अजून कुणी विचारलं न्हाय. पर विचारतील. म्हणून आधीच लिहून ठेवतो.

आमचा धाकटा रामकिसन पुण्याला सरकारी बागेत माळी हाय. त्यानं श्रावणात बी धाडलं. पाच म्हैने पाणी पाजलं, तवा आज पहिला गड्डा उपटला. नाव लिहिलंय सेलेरियाक. जीभ अडकती. आमी गड्डाच म्हणणार. दिसायला वानराचं डोस्कं, खाली मुळ्यांची दाढी! पाल्याला वास अजमोद्याचा.

ही सगळी उठाठेव घरचीसाठी. द्वारकेला गोड लघवीचा आजार. पायाच्या अंगठ्याची जखम दिवाळीपासून भरंना. सोलापूरचा डाक्टर म्हणला, "बटाटा, रताळं, साबुदाणा बंद. आन् उपाशी राहायचं न्हाय. न्हायतर अंगठा काढावा लागंल, मग पाय."

ही लग्नापासून मंगळवार-शुक्रवार तुळजापूरच्या आईचा उपास धरती. उपासाला खाती काय? बटाटा, रताळं, साबुदाणा! झालं. आता काहीच खाईना. नुसत्या शेंगदाण्यानं छाती जळती म्हणं. गेल्या मंगळवारी चुलीपाशी भोवळ येऊन पडली.

उपास सोड म्हणलं. म्हणती, "पाय गेला तर गेला."

५ जानेवारी, शुक्रवार

वाटीभर ताकावर राहिली. बोलायचं न्हाय असं ठरवलं होतं. तरी बोललो.

६ जानेवारी, शनिवार

आज उपास न्हवता म्हणून गड्डा शिजवून बघितला. सोलला म्या, ही पाटावर बसून हुकूम सोडती. निम्मा सालीतच गेला! चिरून ठेवला तर काळा पडला. लिंबाच्या पाण्यात टाकायचा असं रामकिसनच्या पत्रात होतं — म्या मागनं वाचलं. उकडला तर पार लगदा.

दुसरा किसला. तूप, जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. रताळ्याचा करतात तसाच. हे जमलं! ग्वाड न्हाय, जरा बडीशेपीवानी. हिनं वाटीभर खाल्ला. रामकिसन लिहितो, ह्यात बटाट्याइतकं पीठ न्हाय, चोथा हाय, पोट धरतं, साखर लई चढत न्हाय.

शेजारची कडूबाई आली. तिला चाखवला. "दाजी, ही भाजी हाय का औषध?"

"तुझ्या जिभेला औषधच लागतंय."

ही हसली. लई दिसांनी. आन् कडूबाई जाता जाता काय म्हणाली? "उपासाला चालतंय व्हय हे?"

बघा!

८ जानेवारी, सोमवार

वाद. म्हणलं, बटाटा कुठल्या पोथीत हाय? माझी आजी उपासाला बटाट्याला शिवत न्हवती. मग चालू कुणी केला?

"ते मला काय ठाऊक? समदे खातात म्हणून खाते. ह्याचं भटजींनी सांगितलं तर खाईन."

"माझं सांगणं काय फुकट?"

"तुमी भटजी हाव का?"

९ जानेवारी, मंगळवार

उपाशी. गड्डा कोपऱ्यात तसाच.

११ जानेवारी, गुरुवार

गोपाळकृष्ण भटजींकडं गेलो. त्यांना फुरसत कुठं! पुढल्या म्हैन्यात आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, म्हणून गावोगाव होम. दर्भ, तूप, समिधा, नुसती धांदल. "ते पार पडू द्या, मग या," म्हणाले.

"जग बुडल्यावर येऊ व्हय?"

चिडले. मीबी चिडलो. फिजूल चक्कर.

१७ जानेवारी, बुधवार

मी मळ्यात होतो तवा ही पायाला फडकं गुंडाळून देवळापातुर जाऊन आली! कडूबाईनं सांगितलं. कशाला गेली होतीस? "आसंच." जखम पुन्हा वाहती झाली. लई बोललो.

२२ जानेवारी, सोमवार

भटजींना पारावर गाठलं. गड्डा पिशवीतनं काढायच्या आतच म्हणाले, "न्हाय चालत." अहो, बघा तरी! "अजमोद्याच्या जातीचं हाय. अजमोदा म्हंजे ओव्याचा भाऊ. ओवा उपासाला चालत न्हाय, हेबी न्हाय." वास न घेता ह्यांना अजमोदा कसा कळला, देवीला ठाऊक.

म्हणलं, बाईचा पाय जाईल.

"मग उपास सोडा म्हणावं."

ते जमलं असतं तर तुमच्या तोंडी लागलो असतो का!

२३ जानेवारी, मंगळवार

खोटं बोललो. चाळीस वर्सांत तिच्याशी पहिल्यांदा. म्या गड्डा किसला, परतला, ताट पुढं ठेवलं. म्हणलं, "भटजी चालतंय म्हणाले."

"सोता म्हणाले?"

"सोता!"

माझ्याकडं बघत राहिली. मी चुलीत लाकूड सारलं. लागतच न्हवतं, तरी सारलं.

"तुमी विचारलंत ना? मग बास," म्हणाली. ताट वढून घेतलं. सगळं खाल्लं.

२६ जानेवारी, शुक्रवार

खाल्लं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

जग बुडलं न्हाय. होमाचं तूप तेवढं जळलं.

हिचे पाच उपास गड्ड्यावर झाले. भोवळ न्हाय. काल डाक्टरनं फडकं सोडून बघितलं, जखमेच्या कडा सुकाया लागल्यात. "अंगठा राहील असं वाटतंय." मळ्यात अजून अकरा गड्डे हायत. देवीचा कोप व्हायचाच असंल तर माझ्यावर व्हावा. खोटं माझं हाय, तिचं न्हाय.

८ फेब्रुवारी, गुरुवार

वाटंत भटजी भेटले. आता फुरसतच फुरसत. म्हणाले, "त्या दिशी पारावर तुमी उगं तंगड्या तोडल्या. द्वारकाबाई तुमच्या आधीच देवळात येऊन गेल्या होत्या. संक्रांत झाल्यावर, लंगडत. पदराखाली तो गड्डा घेऊन. त्यांनाबी म्या न्हायच म्हणलं होतं. घरी बोलल्या न्हायत व्हय?"

घरी आलो. ही उद्याच्या उपासाचा गड्डा धूत बसली होती.

"कोण भेटलं वाटंत?"

"कुणी न्हाय."

ह्याच्यावर आता एक अक्षर लिहिणार न्हाय.