गोल बसलेली पाचवी

१० जुलै, गुरुवार

मोडल्या एकदाच्या रांगा! पाचवीची एकोणीस पोरं आज गोल बसवली. इंग्रजीच्या तासाला यापुढं असंच. मी ठरवलं म्हणजे ठरवलं.

सहा वर्षं झाली मला पोंभुर्ण्याजवळच्या या शाळेत. रोज मूल गावाहून स्कूटीनं येते आणि रोज तेच बघते. गावातली पोरं पुढच्या बसायच्या पट्टीवर, जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, पाच जणं दाराजवळ, शेवटच्या पट्टीवर. कोणी सांगत नाही, आपोआप बसतात. पुढच्या तीन पोरी पाठ केलेलं घडाघडा म्हणतात आणि आपण खूश! मागची सुकरी तर तोंडच उघडत नाही. घरी गोंडी, इथं मराठीसुद्धा मोजून मापून. इंग्रजी कुठून बोलणार?

म्हणून तिला बसवलं दिव्यानीच्या शेजारी. दिव्यानी वर्गात पहिली. तिला सांगितलं, तू आजपासून छोटी मॅडम, सुकरीला तू शिकवायचं. डोकं चालतं बाई माझं!

१४ जुलै, सोमवार

भैयाजी आले होते. दिव्यानीचे बाबा आणि शाळा समितीचे अध्यक्ष, म्हणजे विचारायलाच नको. चपला घालूनच वर्गात.

"म्याडम, माही पोरगी फळ्याकडं पाठ करून काऊन बसते? अन् थे टोल्यावरची तिच्याच बाजूले काऊन?"

म्हटलं, भाऊ, तुमची पोरगी शिकवून राह्यली तिला.

"मी पोरीले शिकाले धाडलं, शिकवाले नाई!"

असा राग आला! पण चांगलं उत्तर सुचलं ते घरी, पोळ्या लाटताना. नेहमीचंच माझं.

मुख्याध्यापक विनोद सरांना कोणालाच दुखवायचं नसतं. म्हणाले, "एकोणीस ऑगस्टले केंद्रप्रमुख येऊन राह्यले. त्यांच्यासमोर पोरं बोलली तं गोल ऱ्हाऊ द्या. नाई बोलली तं रांगा करा, म्याडम."

रांगा म्हणजे सुकरी पुन्हा दाराजवळ. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार. इथं दाराजवळ बसलेली पोर तिथंही दाराजवळच बसते. आणि दाराजवळून उठून एक दिवस घरी जाते, ती येतच नाही. दोघींचं पाहिलं आहे मी. तिसरी नको.

२३ जुलै, बुधवार

धानाचा रोवणा जोरात. निम्मा वर्ग शेताच्या बांधीत, चिखलात. गोलाला ही मोठी भगदाडं! सुकरी मात्र आली.

५ ऑगस्ट, मंगळवार

दोघींची सारखी कुजबुज चालू असते. मधल्या सुट्टीतही. मी जवळ गेली की चूप! दिव्यानीनं फारच मनावर घेतलं आहे. आणि गंमत म्हणजे तीही बदलली. आधी पुस्तकातलंच बोलायची, एक शब्द विसरली की रडकुंडीला. आता स्वतःचं वाक्य करते, चुकली तरी पुढं जाते. शिकवता शिकवता शिकते आहे पोर. शाबास रंजीता! (ही शाबासकी मला. दुसरं कोण देणार?)

१८ ऑगस्ट, सोमवार

उद्या. वर्ग दोनदा झाडून घेतला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बोलली!! पोरं बोलली!

नीट लिहिते. केंद्रप्रमुख आले, मागोमाग भैयाजी दारात हजर. साहेबांनी गोल बघितला. खुर्ची ठेवायला जागाच नाही! इंग्रजीतच विचारलं, "व्हेअर शुड आय सिट?" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. विनोद सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की झालं, संपलं. मी पदराचं टोक पिळत उभी.

तेवढ्यात सुकरी सरकली. शेजारची पट्टी हातानं झाडली. "सिट हिअर, सर. नो चेअर."

साहेब हसले आणि इस्त्रीच्या पँटनिशी मांडी घालून बसले! मग तिलाच विचारलं, कुठं राहतेस. "आय लिव्ह निअर बोडी." बोडी म्हणजे काय? त्यांना माहीत होतं, पण परीक्षा! सुकरीनं हातानं गोल दाखवला. "स्मॉल वॉटर, सर. फॉर पॅडी. बफेलो ऑल्सो."

मग दिव्यानीची पाळी. तुझे वडील काय करतात? ती अडली. सुकरीकडं बघितलं. सुकरीनं नुसती मान हलवली. आणि दिव्यानी काय बोलावी? "माय फादर कम टू स्कूल अँड फाइट!"

साहेब इतके हसले की ठसका लागला. भैयाजी मला हळूच विचारतात, "काय म्हणली, काय म्हणली?" म्हटलं, तुमची तारीफ केली, भाऊ. छाती फुगवून उभे राहिले बिचारे.

गोल राहणार! साहेब जाताना म्हणाले, बाकीच्या वर्गांतही करा. आज मला कोणी काही बोलू नये, मी जमिनीवर नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

बहिणीला फोन केला, नणंदेला केला, भाजीवालीलाही सांगून झालं. दिव्यानीसाठी शाईचं पेन घेतलं. छोट्या मॅडमला मोठ्या मॅडमकडून.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पेन दिव्यानीनं घेतलं नाही. "म्याडम, मी काईच नाई शिकवलं. सुकरीनंच मले शिकवलं. पयल्या वर्गात तिले मराठी येतच नोती ना, तं तिले मालूम आहे कसं शिकाचं. थे म्हणते, चुकीचं तं चुकीचं, बोलाचं. कोणी हासलं तं हासू देवाचं."

पहिलीला सुकरी माझ्याच वर्गात होती. पोरीनं एकटीनं माझी भाषा शिकून घेतली, आणि मला तिच्या भाषेतला एक शब्द येत नाही. सहा वर्षांत! मी तिला मुकी समजत होती.

शेवटच्या तासाला गोलात खाली बसली, सुकरीच्या शेजारी. विचारलं, घराला काय म्हणतेस तू?

"रोन."

मीही म्हणून पाहिलं. चुकलं असणार, टोल्यावरची पाचही पोरं खो खो हसली.

हसू दिलं.