लुगड्यात आलेली मरळ

धावडा
सोमवार, ता. १० मार्च २०२५

संध्याला जय भीम.

पेटी नेली, शिलाई मशीन नेली, भिंतीवरचा आरसा खिळ्यासकट नेला, अन् ते हिरवं लुगडं तेवढं दांडीवर ठेवून दिलं? काल तुझा भाऊ भारत टेम्पो घेऊन आल्ता. मी चहा केला, त्यानं तोंडाला लावला न्हाई. म्हणले, लुगडं राहिलं. तर म्हणतो, "ताई म्हणली ते तुमचं आहे." माझं कसं? फाटलं तवा शिवलं कोणी? तूच शिवलं, अन् ते पण लाल दोऱ्यानं, हिरवा दोरा घरात असताना. मी तवाच बोलले होते.

फोन तू उचलत न्हाईस. दीड वर्ष झालं. म्हणून लिहून राह्यले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नको.

इकडं सगळं बरं आहे. सगळं म्हणजे मी अन् तुझे मामा. त्यांचा गुडघा धरतो, तरी विहारात वंदनेला जातात. शेळी व्याली, दोन्ही बोकडच. हरभरा निघाला. राजानंदच्या फोटोची काच तडकली होती, ती भोकरदनहून बदलून आणली.

जाताना भारत बोलला. मस्तगडचं स्थळ आल्तं म्हणे तुला. मास्तर आहे, पहिली बायको वारलेली. सगळं जमत आल्तं, पण त्यांनी धावड्यात माणूस पाठवून चौकशी केली, अन् आता विचार करून रविवारी तुझ्या माहेरी अंबडला येऊन सांगतो म्हणतात. मी विचारलं, चौकशीत काय निघालं? तो माझ्याकडं बघत राहिला. "तुम्हाला न्हाई माहीत?" म्हणला अन् टेम्पोत बसला.

दैवशालाच बोलली आसंल. शेजारीण असून तिच्या तोंडाला कुलूप न्हाई. पण ते राहू दे. आधी तळ्याचं लिहिते.

मे महिना होता. तळं आटून गुडघाभर पाणी राहिल्तं. गावातले लोक सकाळीच मासे नेऊन मोकळे झाल्ते, अन् आपण चौघं दुपारी पोहोचलो, तुझ्या भाकरी लवकर झाल्या न्हाईत म्हणून. मासोळ्या तरी मिळतील म्हणून लुगडं पाण्यात सोडलं. एक टोक तू धरलं, एक मी. राजानंद समोरून पाणी बडवत आला. मामा काठावर तंबाखू मळून राह्यले होते.

राजानंद म्हणला, "बाबा, माय अन् संध्या एका दिशेनं चालून राह्यल्या. फोटो काढा."

मामा म्हणले, "थांब जरा, अजून भांडायच्या आहेत."

अन् लुगड्याला हिसका बसला. माझ्या हातातलं टोक सुटलं, खरं सांगते, माझंच सुटलं. तू न्हाई सोडलं. लुगडं टर्रकन फाटलं तरी तू त्याच्यावर पडलीस अन् मरळ पोटाशी धरून चिखलातून उठलीस. तीन किलोच्या वर होती. आमच्या घरात एवढा मासा कधी आला न्हवता. राजानंद पाण्यात नाचला. "माझी बायको नशिबाची आहे," म्हणत गावापर्यंत आला.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगत असते. पुढचं सांगत न्हाई.

पाण्यावर तिखट सांडावं तशी तांबडी तांबडी पिल्लं होती. तुलाच आधी दिसली. तू म्हणलीस, "आत्या, सोडा हिला. पिल्लावाली आहे." मी ओरडले, एवढी मोठी मरळ सोडती का कोणी. तू परत म्हणलीस, सोडा. तवा मी म्हणले, "तुला तीन वर्षांत एक झालं न्हाई, तुला पिल्लांचं काय कळतंय?"

राजानंदचं हसणं तिथंच थांबलं. नाचला तो नंतर, मरळ पिशवीत टाकल्यावर, अन् ते तुझं तोंड हसावं म्हणून. आता कळून राह्यलं मला.

घरी येऊन मसाला तूच वाटला. सगळ्यांना वाढलं. राजानंदनं डोकं माझ्या ताटात ठेवलं, मी उचलून त्याच्या ताटात टाकलं. तू ठेच्यासोबत भाकर खाल्लीस. मी बघितलं होतं. बघून गप बसले.

मंग भादव्यात तो मोटर चालू करायला विहिरीवर गेला अन् करंट लागला. वायर उघडी पडल्ती. दोन महिने तशीच होती. तू मला तीनदा सांगितलं होतं, बदलून घ्या म्हणून. मी म्हणले होते, दिवाळीनंतर बघू.

राजानंदच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बायांत बसले होते. तू आत पाणी भरून राह्यली होतीस. दैवशालानं विचारलं, कसं काय झालं वो एवढं. अन् माझ्या तोंडातून निघालं, "हिनं पिल्लावाली मरळ धरायला लावली, हिच्याच पायानं माझं लेकरू गेलं." तू दारात उभी होतीस कळशी घेऊन. बोलली असतीस तर मी तुलाच खोटं पाडलं असतं, हे तुला माहीत होतं.

रात्री मामा म्हणले, "आपल्यात पांढरा पाय, काळा पाय कधीपासून आलं?" मी त्यांच्यावर भांडं फेकलं. त्या दिवसापासून त्यांचा चहा तेच करतात. अर्धा मला देतात. बोलत न्हाईत.

करंट वायरीचा होता, माशाचा न्हवता. मला तवाही माहीत होतं. पण वायर म्हणलं की माझं नाव येत होतं.

परत ये म्हणत न्हाई मी. कोणत्या तोंडानं म्हणू. लुगडं मात्र धुतलं आज. नऊवारी एकटीला पिळता येत न्हाई. मामांना एक टोक धरा म्हणले, त्यांनी धरलं, पण त्यांच्या हातात जोर न्हाई राहिला. तुझे लाल टाके एकही उसवले न्हाईत.

आता कामाचं. रविवारी ते मस्तगडचे लोक येतील तवा मला त्यांच्यासमोर बसायचं आहे. मासा कोणी ठेवून घेतला, वायर कोणी राहू दिली, सगळं माझ्या तोंडानं सांगते. दैवशालाला सोबत आणते, तिनं पण ऐकावं. पण एकदा तुला न विचारता बोलले अन् तुझं वाटोळं केलं. आता विचारल्याशिवाय येणार न्हाई.

पत्र दैवशालाच्या नवऱ्याच्या, कडूबाच्या हाती देते, उद्या त्याची अंबडच्या कोर्टात तारीख आहे. पाकीट डिंकानं चिकटवलंय. फुटलेलं दिसलं तर सांग, त्याला बघते.

माझा फोन घेऊ नको. मामांच्या फोनवर नुसतं 'या' टाक, न्हाईतर 'नको' टाक. शुक्रवारपर्यंत टाक. शनिवारची गाडी सकाळी सहाची आहे, अन् मी लुगडं पिशवीत भरून ठेवलंय.

हातातलं टोक सुटलेली,
कांताबाई