पेत्र ताटावरून उठला

टूवूंबा, ५ ऑगस्ट

प्रिय सलिल,

तुझं पत्र मिळालं. गेल्या महिन्यात बाप्तिस्मा घेतलास, जुना सलिल मेला, आता नवा जन्मलाय, तेव्हा ताईने आणि राघवने माफ करावं, असं तू लिहिलंयस. सोय छान आहे. मेलेल्याला जाब विचारता येत नाही आणि नवजात बाळावर रागावता येत नाही. मी मात्र जुन्या सलिललाच लिहितेय, कारण माझ्या नवऱ्याने वाढलेल्या ताटावरून उठला तो तोच होता.

चार वर्षं दर रविवारी स्प्रिंगफील्ड लेक्सहून सव्वा तास गाडी हाकत तू राघवच्या हातचं मटण खायला यायचास. त्याचं आडनाव तेव्हा तुझ्या घशात कधी अडकलं नाही. आमच्या लग्नाला घरचं कुणी आलं नव्हतं, तू आलास, म्हणून मी तुला डोक्यावर घेतलं. मग तीन वर्षांपूर्वी आई आणि शैलेंद्रकाका पुण्याहून आले. तू त्यांना आमच्याकडे घेऊन आलास, नेहमीच्या जागी बसलास, राघवने वाढलंही. काका दारातूनच म्हणाले, आम्ही खाऊन आलोय. आणि तू ताट सरकवून उठलास. म्हणे आज संकष्टी. संकष्टी बुधवारीच होऊन गेली होती, गाढवा. राघवला तिथी कळत नाही, त्याला खरंच वाटलं. मटण झाकून तो तुझ्यासाठी बटाटे उकडायला लागला. तू त्यातला एक बटाटासुद्धा घेतला नाहीस. केळं घेतलंस, कारण केळ्याला साल असते. ते मात्र राघवला कळलं. आता मी विषय काढला की 'नो वरीज' म्हणून तो गॅरेजमध्ये निघून जातो.

तू पाठवलेलं बायबल लायब्ररीत लंचच्या सुट्टीत वाचतेय. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा पौल वाटेत एका क्षणात कसा बदलला, ते वाचून मी विरघळेन असं तुला वाटलं असणार. मला भेटला येशूचा पट्टशिष्य पेत्र. आधी शपथा घेतो, तुला कधी सोडणार नाही. मग येशूला पकडून नेल्यावर शेकोटीपाशी एका दासीने हटकल्यावर तीनदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. नंतर रडतो, सुधारतो, भर गर्दीत धीटपणे बोलतो. झाला ना नवा माणूस? तोच पेत्र अंत्युखिया शहरात परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला जेवत असतो, आणि यरुशलेमहून याकोबाची सोवळी यहुदी माणसं आली की भिऊन हळूच बाजूला होतो. पौलाने त्याला सगळ्यांदेखत झापलं आणि तसं एका पत्रात लिहूनही ठेवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुझाही शाबूत आहे. बाप्तिस्म्याचे फोटो तू जगाला पाठवलेस, फॅमिली ग्रुप तेवढा वगळून.

पण पौलाच्या त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे. पेत्र उठला तसे त्याच्याकडे बघून बाकीचेही उठले, पौलाचा सोबती, भला माणूस बर्णबासुद्धा. तिथे मला आई दिसली. काल मी तिला फोन केला. ती पंधरा तारखेला एकटी तुझ्याकडे येतेय, हे तू मला कळवायचं टाळलंस. मी तिला विचारलं, या वेळी आमच्याकडे जेवशील का. ती म्हणाली, "त्या दिवशी मला भूक होती गं. पण सलिल उठला, मग मी कशी बसणार? तो बसला तर मी बसेन." ती शहात्तर वर्षांची आहे, पुन्हा एवढा प्रवास तिला झेपायचा नाही. म्हणून हे पत्र. तुझी माफी मला नको. तुझ्यावर माझा विश्वास नाही, आणि गरज नेमकी तुझीच पडावी याचा संताप येतो. पेत्र परत पंगतीत येऊन बसला की नाही, हे पौलाने लिहिलेलं नाही. मी दोनदा शोधलं. सतरा तारखेला, रविवारी, आईला घेऊन ये आणि तिच्या आधी तू बस.

तुझीच,
चित्राताई