फ्रीजरमधलं खाणं आणि उरलेले दोन मासे

मी, अभय वैजनाथ ओव्हाळ, वय बावीस, राहणार विश्रांतवाडी, पुणे, शिक्षण बी.एस्सी. दुसऱ्या वर्षापर्यंत (पुढचं सरांशी भांडून सोडलं), हे पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने लिहितो. सोमवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. आई म्हणाली, "हर्नियाला मृत्युपत्र? मग दाढ काढशील तेव्हा शोकसभा ठेवू का?" तरी लिहितो.

१. माझी गाडी माझा मित्र संपत याला. ब्रेक त्यानेच घालवलेत, त्यामुळे तक्रार ऐकली जाणार नाही.

२. कॉलेजची तीन पुस्तकं परत करावीत. प्रॅक्टिकलच्या सरांची माफी मात्र माझ्या वतीने कुणीही मागू नये.

३. दोन फुटी काचेची टाकी, त्यातले उरलेले दोन एंजल मासे आणि त्यांचं खाणं माझी मैत्रीण राजनंदिनी हिला. कोरडे दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात ठेवावेत. ओली बोटं आत घालू नयेत. कोळंबी, पालक आणि मटार वाटून केलेलं खाणं पिशवीत पातळ थापून फ्रीजरमध्ये ठेवावं, रोज नखाएवढा तुकडा मोडावा. पिशव्यांवरच्या तारखा तिच्या अक्षरात आहेत. म्हणून रिकाम्या पिशव्याही मी धुऊन ठेवल्यात.

एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नये.

४. खुलासा. मार्चमध्ये आम्ही लग्नाला नांदेडला गेलो, तेव्हा घराची किल्ली राजनंदिनीकडे होती. मी तिला पानभर सूचना लिहून दिल्या होत्या. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या दिवशी दुपारपर्यंत गेली. खाणं वितळलं, संध्याकाळी पुन्हा गोठलं. शुक्रवारी तिने माझ्या चिठ्ठीप्रमाणे तुकडा मोडून घातला. तीन मासे गेले. परत आल्यावर मी तिला म्हणालो की तूच मारलेस, आणि आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या चिठ्ठीत गुरुवार कुठे होता, अभय?" किल्ली ठेवून गेली. मी रागाच्या भरात अर्धी भरलेली टाकी एकट्याने उचलली. हर्निया तिथला.

गुरुवार लिहायचा मीच विसरलो होतो. चार महिने झाले. अजून दर गुरुवारी वीज गेली की जिन्यात तिची पावलं वाजतात का, म्हणून मी कान लावून बसतो.

५. संपतचे मामा वकील आहेत. त्यांनी हे वाचून सांगितलं, "ज्याला काही मिळणार, त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नकोस." म्हणून कलम १ आणि कलम ३ मधल्या देणग्या मी रद्द करतो. गाडी, टाकी, मासे, बरणी, पिशव्या, सगळं आईला. ती कुरकुरेल, पण खाऊ घालेल. राजनंदिनीला यात आता काहीही मिळत नाही. म्हणजे ती सही करू शकते.

साक्षीदाराच्या समोर सही करायची असते, म्हणून मी अजून केलेली नाही. मामा म्हणाले, शेजारचे चालतील. मला चालणार नाहीत. हा कागद संपत तिला नेऊन देईल.

स्थळ : विश्रांतवाडी, पुणे
दिनांक : १९ जुलै, शनिवार

लिहून ठेवणार : ______________

साक्षीदार १ : संपत (येतो म्हणालाय)

साक्षीदार २ : राजनंदिनी ______________
(उद्या रविवारी मी दिवसभर घरीच आहे.)